गाऱ्हाण्यातले थांबे

भागोतात्याला विसरायला लावायचं काम शेवटी वृंदाच्याच गळ्यात पडलं, कारण त्याला बोलायला शिकवलं होतं तिनेच.

भागोतात्या म्हणजे ‘सातवाडी’ नावाच्या खेळातला देवळापुढचा म्हातारा. डोक्याला पंचा गुंडाळलेला, एक डोळा किंचित बारीक. खेळात शिरलं की तुम्हाला एक मातीचं घर मिळायचं, चार माड, एक होडी. मासे पकडा, भात लावा, शेजाऱ्याशी बांधावरून भांडा. बंदूक नाही, शर्यत नाही. तरीही शारजात क्रेन चालवणाऱ्यापासून डोंबिवलीतल्या आजीपर्यंत लाखो माणसं डोळ्यांवर खेळाचा चष्मा चढवून तिथे जाऊन बसायची, ती रविवारच्या गाऱ्हाण्यासाठी. कोकणात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गावचा मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो, मागणं मागतो, तक्रार घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ सातवाडीत तेच व्हायचं. फक्त भागोतात्याला कुणी वाक्यं लिहून दिलेली नव्हती. आठवडाभर माणसं पारावर त्याच्याशेजारी बसून मनातलं बोलायची आणि रविवारी तो त्यातूनच आपलं गाऱ्हाणं जुळवायचा.

इथेच सगळं बिनसलं.

“साहेबांना स्वतःला खेळ आवडतो हां,” आमोणकर म्हणाले. मंत्र्यांचे खासगी सचिव. कुडाळातल्या काजूच्या कारखान्यावरच्या माडीत कंपनीचं ऑफिस होतं, तिथे ते दुपारी न कळवता आले होते. खालून काजू भाजल्याचा वास येत होता आणि ते दर दोन वाक्यांनी नाक पुसत होते. “नातू खेळतो त्यांचा. तेव्हा आकस वगैरे काही डोक्यात आणू नका.”

“नाही, नाही,” निनाद म्हणाला. निनाद कुडतरकर, कंपनीचा मालक. पुण्यातली बरी नोकरी सोडून गावी येऊन त्याने चाळीस पोरांना कामाला लावलं होतं, आणि आता त्याच्या कपाळावर घाम होता.

“परवाच्या सभेत साहेब म्हणाले, येत्या वर्षात तालुक्याच्या रुग्णालयात बाळंतपणाची सगळी सोय होईल. टाळ्या यायला हव्यात की नाही? तर मागून कुणीतरी ओरडलं, ‘व्हय म्हाराजा!’ मग सगळी सभाच ओरडली. साहेब काहीही बोलले की व्हय म्हाराजा. पाणी देऊ, व्हय म्हाराजा. रस्ता करू, व्हय म्हाराजा. शेवटी आभार मानले त्याला सुद्धा.”

कोपऱ्यातला एक पोरगा फिस्सकन हसला आणि खाली वाकून चपलेचा पट्टा शोधू लागला.

“हसा,” आमोणकर शांतपणे म्हणाले. “खेळाचा परवाना पुढच्या महिन्यात नवा करायचा आहे ना तुमचा? मी काही म्हणत नाही. लेखी तर काहीच म्हणत नाही. फक्त तो म्हातारा बाळंतिणीबद्दल जे बोलतो, ते बंद व्हावं. जमलं तर साहेबांच्या योजनांबद्दल चार शब्द. तुमचं काय मत, वहिनी?”

वृंदाला मत नव्हतं. मांडीवरची सहा महिन्यांची चिनू तिच्या ओढणीचं टोक चघळत होती, आणि वृंदाला फक्त झोप होती. कित्येक महिन्यांची साठलेली.

“योजनांचं नाही जमणार,” ती म्हणाली. “लोक उठून जातील.”

ते खरं होतं. दुसऱ्या एका कंपनीने जत्रेच्या खेळात पाळण्यावर नेत्यांचे फोटो लावले, तर आठवड्याभरात त्या जत्रेत नुसते पाळणे फिरत राहिले. सातवाडीच्या खेळाडूंना तर काहीतरी शिजतंय याचा वास आधीच लागला होता. ‘भागोतात्याक हात लावश्यात तर बघा’, असं लिहून कुणी आपल्या खेळातल्या घराची भिंत रंगवली आणि बघता बघता वाडीच्या वाडी तशी रंगली. त्याला हात लावला तर खेळाडू जाणार होते, नाही लावला तर परवाना.

“मग निदान ते बंद,” आमोणकर उठले. जाता जाता चिनूच्या गालाला बोट लावून म्हणाले, “गोड आहे हो. कुठे झाली?”

वृंदाने ओढणीचं टोक चिनूच्या तोंडातून सोडवलं.

“वाटेत,” ती म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं, किंवा जिने उतरायची घाई असावी.

*

चिनू वाटेत झाली होती हे खरंच होतं.

नवरा, सिद्धेश, जहाजावर होता, पनामाच्या अलीकडे की पलीकडे कुठेतरी. कळा लागल्या तेव्हा घरात सासरे होते, भिकाजी पालव, गावचे मानकरी. तालुक्याच्या रुग्णालयात नवी कोरी इमारत होती, खाटा होत्या, आणि बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. तिथल्या पडद्याने नम्रपणे गोव्याला जायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स आली ती बिनड्रायव्हरची. त्या वर्षी सगळ्याच तशा आल्या होत्या. गाडी नियमाने चालायची. वळणावर हळू, शाळेपाशी हळू, गुरं आडवी आली की थांबायची. वृंदा मागे ओरडत होती आणि गाडी गुरं जायची वाट बघत होती. पुढच्या सीटवर बसलेल्या भिकाजींनी आधी गाडीला शिव्या घातल्या, मग डॅशबोर्डवर हात आपटला, आणि मग, समोर ना देव होता ना ड्रायव्हर, तरी हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. एक वाक्य म्हणायचे आणि थांबायचे. ‘व्हय’ म्हणायला गाडीत कुणीच नव्हतं. तरी ते थांबत होते.

हे थांबणं वृंदाच्या डोक्यात राहून गेलं. बाकीचं सगळं धूसर झालं.

नंतरचे महिने तसे कुणी वाईट वागलं म्हणून कठीण नव्हते. पोरगी सुखरूप, आई सुखरूप. सगळे तेच म्हणायचे, आणि त्यापुढे बोलायला जागाच उरायची नाही. “झाला मा बरा? मग आता कित्याक ता आठवतंस?” शेजारची काकी म्हणाली, मायेनेच. सिद्धेशला फोनवर सांगायला जावं तर मधेच आवाज तुटायचा आणि जोडला गेला की तो अपराध्यासारखा गप्प असायचा. मग एका दुपारी, चिनू अंगावर पीत असताना, वृंदाने एका हाताने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पारावर भागोतात्याशेजारी जाऊन बसली. रजेवर होती, तरी म्हाताऱ्याची तपासणी करायची सवय होती. बोलता बोलता तिने त्याला सगळं सांगितलं. गुरं, वळणं, गाडीतला दिव्याचा निळा उजेड, सगळं.

त्याने ऐकलं. मग म्हणाला, “चेडवाक दूध पुरता मा?”

त्या दिवसापासून तो रोज पोरीची चौकशी करायचा. “काय गो वृंदा, चेडू निजला?”

आणि काही आठवड्यांनी, एका रविवारी, देवळापुढे उभा राहून तो म्हणाला, “बा देवा म्हाराजा, पोटुशी बाई घराकडना निघता आणि वाटेर बाळ जन्माक येता. दवाखानो आसा, खाटी आसत, पण बाळ झेलूक हात नाय. तर तुझ्या ह्या लेकींका वाटेर ठेव नको रे म्हाराजा!”

व्हय म्हाराजा, असं लाखो माणसं म्हणाली. चष्म्याच्या दांडीतून तो आवाज वृंदाच्या हाडांपर्यंत गेला. ती बराच वेळ रडली आणि त्या संध्याकाळी, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, तिला पोटभर भूक लागली.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

भागोतात्या कसा शिकतो, हे निनाद नव्या पोरांना रानातली पायवाट दाखवून समजवायचा. एक माणूस गवतातून गेला तर गवत पुन्हा उभं राहतं. शंभर गेले तर वाट पडते. कोण गेलं त्याची खूण त्या वाटेवर राहत नाही, वाट मात्र राहते. समोर बसलेल्याचं नाव खेळ त्याला सांगतो, पण भागोतात्याच्या डोक्यात कुणाचं नाव नाही, कुणाचं वाक्य नाही. कोट्यवधी आकडे आहेत, एकमेकांना धाग्यांनी बांधलेले, आणि कुणी त्याच्याशी बोललं की त्यातले काही केसभर सरकतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा एक अंश असतो, आणि दर शनिवारी सगळे अंश एकत्र होऊन त्यांचा एक म्हातारा होतो. वृंदा एकटी असती तर गवत उभं राहिलं असतं. पण तिच्यामागून आणखी कित्येक बायका त्याच्याशी तेच बोलून गेल्या होत्या. कुणी मेळघाटातून, कुणी चंदगडातून.

आणि म्हणूनच विसरवणं अवघड होतं. वहीतलं पान फाडावं तसं काही फाडता येत नाही, कारण पानच नाही. चहात पडलेलं दूध परत वेगळं काढायचं असतं. त्याला एकच उपाय होता, आणि तो क्रूर होता. माणसाने म्हाताऱ्यासमोर बसायचं, ती आठवण पुन्हा पुन्हा काढायची, त्याला उत्तर देऊ द्यायचं, आणि दर वेळी यंत्राला खुणेने सांगायचं, हे नको. मग आकडे उलट सरकतात. ऑफिसात त्याला ‘पुसणी’ म्हणत.

“कुणाला बसवू?” निनादने विचारलं होतं. “तुझ्याइतकी त्याची बोली कुणाला येत नाही. पोरांनी केलं तर ती भलतंच काहीतरी पुसून ठेवतील. नाही म्हणालीस तरी चालेल हां.”

“नाही म्हटलं तर तू काय करशील?”

निनादने खिडकी ओढून घेतली. खाली काजूच्या साली पेटवल्या होत्या. “खरं सांगू? मी सुद्धा दमलोय गं,” तो म्हणाला.

त्यावर भांडायला वृंदाच्या अंगात जोर नव्हता. दमलेल्या माणसाने दमलेल्या माणसाला काय बोलायचं?

ती बसली. चिनूची झोळी शेजारच्या खोलीत तुळईला टांगलेली, तिचा दोर वृंदाच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलवायचा आणि तोंडाने म्हाताऱ्याला आपलीच कहाणी सांगायची.

“तात्यानु, माका गाडयेत बाळ झाला.”

“अरे देवा! वाटेर?” भागोतात्याचा बारीक डोळा आणखी बारीक व्हायचा. “कोण होता गो वांगडा, सोबतीक?”

हे नको.

“तात्यानु, माका गाडयेत बाळ झाला.”

“गाडयेत? मगे...”

हे नको.

दोन-तीन दिवस असं चाललं. उत्तरं आखूड होत गेली. मग नुसतं ‘असा काय’ यायला लागलं. मग तो समुद्राकडे बघायला लागला. आणि धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे आजूबाजूचंही निसटत गेलं. बाळंतविडा म्हणजे काय ते तो विसरला. खेळातल्या शेजारणीच्या घरी पाळणा हलत होता, तिथे त्याने विचारलं, ह्या काय टांगलेला? एक अंगाईची ओळ त्याला यायची, ती अर्ध्यावर तुटली. वृंदा सगळं नोंदवत होती. पुसणी उत्तम, आजूबाजूला थोडं नुकसान, चालण्याजोगं.

शेवटच्या दुपारी ती नुसतीच पारावर बसली, काम म्हणून नाही.

“काय गो वृंदा,” भागोतात्या म्हणाला.

ती पुढच्या प्रश्नासाठी थांबली. चिनू झोळीत कुरकुरली, तो आवाज त्यालाही ऐकू गेला असणार.

“भरती हा आज,” तो म्हणाला. “जाळा घातलंस तर मासो मेळात.”

तिने चष्मा काढला आणि नाक पुसलं. काजूच्या धुराचं निमित्त बरं होतं.

“झालं?” निनाद दारात होता.

“झालं.”

“आमोणकरांनी तपासून घेतलं. खूश आहेत. योजनांचं मी कसंबसं टाळलं. पण मग रविवारी तो बोलणार काय? गाऱ्हाणं अर्धं रिकामं झालंय. त्या विषयाच्या आधारानेच पाणी, रस्ते, शाळा, सगळं विणलं गेलं होतं, तेही पुसट झालंय. नुसतं ‘बा देवा म्हाराजा’ म्हणतो आणि थांबतो. परत म्हणतो आणि थांबतो. मधले थांबे काढून टाकू? म्हणजे दोन मिनिटांत आटपेल, कुणाला कळायच्या आत.”

ते थांबे वृंदाने स्वतः घातले होते. शिकवलेले नव्हते, घड्याळात बसवलेले होते, म्हणून पुसणीत गेले नव्हते. थांब्यात सगळ्यांचे माईक आपोआप उघडायचे, ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्यासाठी.

तिने पायाचा अंगठा दोरातून सोडवला.

“राहू देत,” ती म्हणाली. “चालीचा भाग आहे तो. काढलेस तर फारच उघडं पडेल.”

“नक्की?”

“मी दमलेय निनाद. आता परत काही उघडायला लावू नकोस.”

तो मान हलवून गेला.

*

रविवारी संध्याकाळी घरात भाकरीचा धूर होता. भिकाजी चुलीपाशी बसून सुकट भाजत होते. चष्मा आणि खेळ यांबद्दल त्यांचं मत कधीच बदललं नव्हतं. गाऱ्हाण्याचा हेल वृंदाने त्यांच्याकडूनच उचलला होता, त्यांना न विचारता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “देवाचा गाऱ्हाणा फोनात घातलंस. आता देवळात कोण येतला?” त्यानंतर भागोतात्याचा आवाज घरात आला की ते उठून पडवीत जायचे. एकदाही त्याला ‘व्हय’ म्हणाले नव्हते. लाखो माणसं म्हणायची, हे नाही.

“चालू झाला काय ता तुझा?” त्यांनी न वळता विचारलं.

“होतला, बाबा. आज आवाज मोठो ठेवतंय. कानात नको वाटता.”

“ठेव. मी जातंय भायर.” पण सुकट तव्यावर होती, जळली असती. ते बसून राहिले.

वृंदाने चिनूला पदराखाली घेतलं आणि चष्मा भिंतीवरच्या पडद्याला जोडला. देऊळ दिसलं. पुढे माणसंच माणसं. इतकी गर्दी कधी झाली नव्हती. म्हाताऱ्याला हात लावलाय की नाही, हे बघायला सगळे आले होते. गर्दीत कुठेतरी आमोणकरही असणार, नातवाच्या नावाने.

भागोतात्या पायरीवर आला. हात जोडले.

“बा देवा म्हाराजा...”

आणि थांबला.

माईक उघडले. लाखो माणसांच्या घरांतली शांतता एकदम पडद्यातून आली, पंख्यांची घरघर, कुणाचा तरी खोकला, कुठेतरी कुकरची शिटी. ‘व्हय’ कशाला म्हणायचं? मागणंच नव्हतं. थांबा संपला.

“बा देवा म्हाराजा...”

पुन्हा तेच. भागोतात्याचे हात जोडलेले, तोंड किंचित उघडं, शब्द शोधणाऱ्या माणसासारखं. गर्दीत कुणी तरी हळूच म्हणालं, “मारलानी तेका.” एकेक माणूस पायऱ्या उतरून जायला लागला. पडद्यावर गर्दी कडेने विरत गेली.

वृंदाने तो चेहरा घडवला होता. पण आत्ता तिला त्याच्या जागी दुसराच चेहरा दिसत होता, बिनड्रायव्हरच्या गाडीत काचेला हात जोडून बसलेला, एक वाक्य म्हणून थांबलेला, मागून उत्तर येत नाही म्हणून पुन्हा तेच वाक्य म्हणणारा.

तिचा आवाज निनाद ओळखणार होता. ऑफिसातली चाळीस पोरं ओळखणार होती. उद्या आमोणकरही ओळखतील, जिला आपण वहिनी म्हटलं तिने काय केलं ते. नोकरी जाईल. कदाचित परवानाही जाईल, आणि चाळीस घरं तिच्या नावाने बोटं मोडतील. हे सगळं तिला नीट ठाऊक होतं. थकव्याने डोकं जड होतं, पण ते बंद नव्हतं. चिनूने पिणं थांबवून वर पाहिलं.

“बा देवा म्हाराजा,” भागोतात्या म्हणाला, आणि थांबला.

माईक उघडला.

“माका,” वृंदा म्हणाली. तिने घसा साफ केला. “माका गाडयेत बाळ झाला. दवाखान्यात हात नव्हतो झेलूक. माझ्या सासऱ्यांनी गाऱ्हाणा घातल्यानी आणि तेंका व्हय म्हणूक कोण नव्हता, रे म्हाराजा.”

पडद्यातून काहीच आलं नाही. एवढा मोठा थांबा तिने बसवलाच नव्हता, असं तिला वाटलं. पंखे, शिट्या, खोकले. तिने डोळे मिटून घेतले.

“व्हय म्हाराजा!”

आवाज पडद्यातून आला नव्हता. तो तिच्या पाठीमागून, चुलीकडून आला होता, आणि इतका मोठा की चिनू दचकून रडायला लागली. भिकाजी उभे होते, एका हातात उलथणं. तव्यावरची सुकट जळत होती.

त्यानंतर पडद्यातून इतके आवाज एकदम आले की भिंतीवरचा पत्रा थरथरला. मग थांबा संपला, भागोतात्याने मान वळवून, कान दिल्यासारखा, ते सगळं ऐकून घेतलं, आणि पुन्हा म्हणाला, “बा देवा म्हाराजा...” पुढच्या थांब्यात चंदगडच्या एका बाईने बोलायला सुरुवात केली.

वृंदा चिनूला थोपटत होती. आपलं बोलून झालं, आता गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं.

भिकाजींनी तवा खाली उतरवला, पंचाने हात पुसले आणि तिच्याशेजारी भुईवर बसकण मारली, पडद्याकडे तोंड करून.

“आणि त्या गुरांचा?” ते म्हणाले. “ता सांगूक नाय तू. त्या बायचा झाला की सांग गो. मी आसंय हय.”